आई-वडिलांसाठी घरी नर्सिंग कशी लावायची, कोविडने जे शिकवलं ते धरून (नाशिककरांसाठी)

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा सगळं लक्ष हॉस्पिटल, बेड, व्हेंटिलेटर याच्याकडे होतं, पण ज्या घरात आधीपासूनच कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं होतं त्या घरांचं काय झालं हे फार कोणी विचारलंच नाही. सकाळी येणारी मावशी यायची बंद झाली कारण बस नाही, रिक्षा नाही आणि कशीबशी आली तरी सोसायटीच्या गेटवर तिला आत सोडेनात. फिजिओला घरच्यांनीच फोन करून सांगितलं की सध्या नका येऊ. ड्रेसिंग करायला येणारी सिस्टर कोविड वॉर्डात ड्युटीला लागली. मग सून, मुलगा, कितीतरी घरात तर सत्तरी ओलांडलेली आजीच आजोबांचं डायपर बदलायला लागली, कोणी काही शिकवलेलं नसताना.

आणि वर्षभरात चित्र उलटं झालं. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये नाशिकमध्ये बेड मिळेना, २१ एप्रिलला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती होऊन पुरवठा बंद पडला आणि २० च्या वर पेशंट गेले, त्यानंतर म्हातारी माणसं सरळ म्हणायला लागली की काय व्हायचं ते घरीच होऊ दे, मला हॉस्पिटलात नेऊ नका. घरी ऑक्सिजन, घरी सलाईन, घरी इंजेक्शन, घरी फिजिओ, सगळ्याची मागणी एकदम वाढली. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत म्हाताऱ्या लोकांना मेडिकेअर नावाच्या सरकारी विम्यातून घरी नर्स मिळते, तिथेही २०२० च्या सुरुवातीला घरच्या व्हिजिट पडल्या कारण गुडघ्या-खुब्याची ठरवून करायची ऑपरेशनं थांबली होती आणि लोक बाहेरच्या माणसाला दारात उभं करत नव्हते, मग पुढे हॉस्पिटलमधून सुटलेल्यांना नर्सिंग होममध्ये (तिथे म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना ठेवून घेणारी संस्था) पाठवण्यापेक्षा घरीच पाठवायचं प्रमाण वाढलं कारण नर्सिंग होममध्ये कोविडने फार माणसं गेली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये तर तिथल्या सरकारने हॉस्पिटलच्या दर्जाचे उपचार घरी द्यायची परवानगीच देऊन टाकली.

आमच्या घरी सासूबाई पॅरालिसिसच्या पेशंट, त्यामुळे हे सगळं आम्ही जवळून पाहिलं, आणि त्यानंतर इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागातल्या ओळखीच्या बऱ्याच घरांना नर्सिंग लावायला मदत केली. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. घरची नर्सिंग एका माणसावर टांगून ठेवायची नाही. मावशी कितीही चांगली असो, ती आली नाही त्या दिवशी पेशंटचं पाणी, औषध, कूस बदलणं थांबायला नको. पुढचं सगळं याच हिशोबाने सांगतेय.

आधी नेमकं कोण पाहिजे ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लोक ब्युरोला, म्हणजे मावश्या-सिस्टर पुरवणाऱ्या एजन्सीला, फोन करून म्हणतात "नर्स पाहिजे", आणि पाहिजे असते मावशी. किंवा उलटं, नळी घातलेला पेशंट असतो आणि पैसे वाचवायला मावशी ठेवतात.

अंघोळ, स्पंजिंग, डायपर, खाऊ घालणं, कूस बदलणं, वॉकर धरून चालवणं, औषध वेळेवर हातात देणं, एवढंच असेल तर शिकलेली केअरटेकर मावशी किंवा पुरुष पेशंट असेल तर वॉर्डबॉय, मामा पुरतात. पण नाकातून जेवणाची नळी असेल, लघवीची नळी बदलायची असेल, गळ्याला ट्रेकिओ (श्वासासाठी पाडलेलं भोक) केलेलं असेल, शिरेतून इंजेक्शन असतील, जखम खोल असेल तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली सिस्टरच पाहिजे, आणि तिचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघायला लाजू नका, चांगली सिस्टर स्वतःहून दाखवते. बऱ्याच घरात दोन्हीचं मिश्रण जमतं म्हणजे दिवसभर मावशी आणि सिस्टर आठवड्यातून दोनदा किंवा गरजेप्रमाणे येऊन ड्रेसिंग, नळी बघून जाते, त्यात खर्चही आटोक्यात राहतो.

हे ठरवायची योग्य वेळ म्हणजे डिस्चार्जच्या आधी दोन दिवस. हॉस्पिटलमधल्या सिस्टरला विचारा की घरी गेल्यावर रोज काय काय करावं लागेल, एकेक गोष्ट लिहून घ्या, आणि शक्य असेल तर तिथेच त्यांच्यासमोर स्वतः करून बघा. डिस्चार्ज कार्डावर जे लिहिलेलं असतं ते डॉक्टरांसाठी असतं, त्यात "पोझिशन बदला" एवढंच असतं, कशी बदलायची ते नसतं.

ब्युरोला काय विचारायचं

नाशिकमध्ये ब्युरो भरपूर आहेत, कॉलेज रोड, मुंबई नाका, नाशिकरोड सगळीकडे, आणि फॅमिली डॉक्टर किंवा मेडिकलवाला यांच्या ओळखीने येणाऱ्या मावश्याही आहेत. दोन्हीत फायदे-तोटे आहेत. ओळखीची मावशी टिकते पण ती आजारी पडली की बदली कोणी नसतं, ब्युरो बदली देतो पण माणसं सारखी बदलत राहतात आणि म्हाताऱ्या माणसाला दर चार दिवसांनी नवीन चेहरा आवडत नाही.

पहिल्याच फोनवर विचारा: मावशी आली नाही तर किती तासात दुसरी देणार आणि त्या दिवसाचे पैसे कसे कापणार. डिपॉझिट किती आणि परत कसं मिळणार. कमिशन एकदाच की दर महिन्याला. पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, आधारची कॉपी देणार का. आधी कुठला पेशंट सांभाळला, त्या घरच्यांशी बोलायला मिळेल का. हे सगळं लेखी घ्या, व्हॉट्सअपवर मेसेज आला तरी चालेल.

२४ तासांची मावशी म्हणजे २४ तास जागी असलेली मावशी नाही हो, हे नीट समजून घ्या. तिला झोप पाहिजे, जेवायला वेळ पाहिजे, अंघोळीला अर्धा तास पाहिजे, आठवड्याची सुट्टी पाहिजे. पेशंट रात्री चार-चारदा उठवत असेल तर दोन शिफ्ट लावा, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ, नाहीतर ती महिन्याभरात थकून निघून जाईल आणि दोष तिचा नसेल. तिला झोपायला नीट जागा द्या, घरात जे शिजतं तेच जेवण द्या. सातपूर, सिडको, पंचवटीच्या पलीकडून दोन बस बदलून येणाऱ्या बायका आहेत या, पावसाळ्यात उशीर होणार, बस बंद असेल त्या दिवशी रिक्षाचे पैसे आपण द्यायचे हे आधीच ठरवून टाकलं तर ती यायचा प्रयत्न तरी करते. लॉकडाऊनमध्ये ज्या घरांनी मावशीचा पगार न कापता चालू ठेवला त्या घरी नंतर तीच मावशी परत आली, हे मी आमच्याच बिल्डिंगमध्ये पाहिलंय.

पहिले तीन दिवस घरातल्या कोणीतरी सुट्टी घ्या

हे मी सगळ्यांना हट्टाने सांगते. मावशी आली की लगेच ऑफिसला जाऊ नका. तिच्यासोबत रहा, तिचं काम बघा आणि ते काम स्वतः शिकून घ्या. घरातल्या किमान दोन माणसांना कूस बदलणं, डायपर बदलणं, खाऊ घालणं आणि औषधं देणं आलं पाहिजे, आणि त्यातला एक पुरुष असला पाहिजे. नाहीतर सगळं घरातल्या बाईवर येतं, कोविडमध्ये अगदी तसंच झालं.

कूस बदलणं जरा तपशिलात सांगते कारण बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, इथूनच सुरू होतो. पेशंटच्या खाली, खांद्यापासून मांडीपर्यंत, एक जुनी धुतलेली सुती चादर चौघडी करून कायम ठेवायची, जुनं नऊवारी असेल तर उत्तमच, मऊ असतं आणि फाटत नाही. दोघं दोन्ही बाजूला उभं राहून चादरीची कडा गुंडाळत पेशंटच्या अंगाजवळ आणायची, मुठीत घट्ट धरायची आणि एक-दोन-तीन म्हणून उचलून सरकवायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही, त्याने पाठीची कातडी पलंगावर घासते आणि पॅरालिसिसच्या बाजूचा खांदा निखळू शकतो. मग लांबच्या बाजूचा गुडघा वाकवून, खांदा आणि कंबर एकदमच आपल्याकडे वळवायची. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी, आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटरीखाली एक छोटी उशी. दर दोन तासांनी हे करायचं, एअर मॅट्रेस असली तरी करायचं, मॅट्रेस आणली म्हणून कूस बदलायची गरज संपत नाही.

आणि रोज स्पंजिंगच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, कानाच्या मागे बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक, त्या कुशीवर थोडे तास ठेवू नका. दाबूनही लालच राहिला तर बेडसोरची सुरुवात आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोटो पाठवा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही म्हणून जागा गरम लागते का, कडक झालीये का हेही हाताने बघा. त्या जागेला मालिश करू नका, पावडर थापू नका आणि ती गोल हवेची रिंगसुद्धा वापरू नका, तिने कडेकडेचा रक्तपुरवठा अजून कमी होतो.

जेवण भरवताना पेशंट बसता पाहिजे, अगदी होत नसेल तर पलंगाची डोक्याची बाजू चांगली उंच. पाणी पिताना ठसका लागतो, आवाज घोगरा-ओलसर होतो असं दिसलं तर गिळायला त्रास आहे, अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, जबरदस्तीने भरवू नका, डॉक्टरांना विचारा. नळीतून जेवण देत असाल तर देताना आणि नंतर पाऊण-एक तास डोकं उंचच ठेवायचं. लघवीची पिशवी पोटाच्या पातळीच्या खाली लटकलेली पाहिजे पण फरशीला टेकायला नको.

वही

मोबाईलचं ॲप नको, साधी दोनशे पानी वही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन, पेशंटच्या पलंगाजवळ. वेळ, काय दिलं, बीपी, साखर, लघवी साधारण किती, संडास झाली का, कुठल्या कुशीवर ठेवलं, काही वेगळं वाटलं का. मावशीला लिहिता येत नसेल तर खुणा ठरवून द्या. सकाळची मावशी जाते आणि रात्रीची येते तेव्हा ही वही हातात देऊन दोन मिनिटं बोलणं झालंच पाहिजे. नवीन बदलीची मावशी आली तरी तिला मागचं सगळं वाचून कळतं, डॉक्टर व्हिजिटला आले की पहिल्यांदा वहीच मागतात, आणि पुण्यात किंवा परदेशात असलेल्या मुलाला रोज संध्याकाळी एका पानाचा फोटो पाठवला की रोजचं "आई कशी आहे, नीट सांग ना" असं फोनवरचं खोदून विचारणं संपतं.

पहिल्या पानावर औषधांची यादी, ॲलर्जी, जुने आजार, फॅमिली डॉक्टरांचा नंबर, आणि घराचा पूर्ण पत्ता खुणेसकट. पत्ता का, तर १०८ ला फोन मावशीलाच करावा लागू शकतो आणि घाबरल्यावर तिला "अमुक मंदिरामागची गल्ली, दुसरा मजला, लिफ्ट नाही" हे आठवणार नाही. आता सिंहस्थाच्या तयारीत कुठले रस्ते खोदलेत, कुठे वळवलेत हे बदलत राहतं, त्यामुळे ॲम्ब्युलन्स कुठल्या बाजूने आत येऊ शकते तेही लिहून ठेवा.

बीपी मोजायची पद्धतही मावशीला दाखवा. पाच मिनिटं शांत बसवून, दंडावर कपडा नको, हात छातीच्या पातळीला टेकवलेला, बोलायचं नाही. ऑक्सिमीटरचंही तसंच, मेंदी किंवा नेलपेंट असेल तर आकडा चुकतो, थंडीत बोट गार असेल तर चुकतो, आणि नाशिकची डिसेंबरची सकाळ म्हणजे बोटं गारच. हात चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, आकडा स्थिरावला की मगच लिहा.

संसर्गाची काळजी घ्यायची, पण दार बंद करायचं नाही

कोविडच्या पहिल्या वर्षात भीतीपोटी आपण सगळ्यांनी दारं लावून घेतली, तेव्हा ते समजण्यासारखं होतं कारण लस नव्हती आणि साठीच्या पुढच्यांना धोका सगळ्यात जास्त होता. पण त्याची किंमत किती होती हे नंतर दिसलं. चालती माणसं खुर्चीला खिळली, खुर्चीतली पलंगाला. स्नायू फार लवकर वाळतात म्हाताऱ्या माणसांचे, थोडे आठवडे पडून राहिलं तरी उठून बसायला महिने लागतात, आणि कोणी भेटायलाच येत नसल्यामुळे विसरणं, चिडचिड, रात्री ओरडणं वाढलं ते वेगळंच. म्हणून आता फ्लूची साथ आली, एखादा नवीन व्हेरियंट आला तरी नियम असा ठेवा की माणसं कमी करा पण सेवा थांबवू नका.

मावशी आल्यावर चपला बाहेर, हात कोपरापर्यंत साबणाने, घरात ठेवलेला धुतलेला गाऊन किंवा ॲप्रन घालायचा, सर्दी-खोकल्याच्या दिवसांत मास्क. खिडक्या उघड्या, विशेषतः स्पंजिंग झाल्यावर. तिला ताप असेल तर पगारी सुट्टी, कारण पगार कापला जाणार असेल तर ती पॅरासिटामॉल खाऊन येईल आणि सांगणार नाही. त्या दिवसांत आपली शिकलेली दोन माणसं कामाला येतात.

लस बघा. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांचं लसीकरण सुरू झालं पण अंथरुणावरच्या लोकांना घरी येऊन लस द्यायची परवानगी यायला सप्टेंबर उजाडला, तोपर्यंत कितीतरी घरांनी पेशंटला खुर्चीत बसवून दोघा-तिघांनी जिने उतरवून सेंटरवर नेलं. आता दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस याबद्दल फॅमिली डॉक्टरांना स्वतःहून विचारा, विचारल्याशिवाय विषय निघत नाही. आणि घरातल्या बाकीच्यांनी, मावशीने पण, फ्लूची लस घेतली तर पेशंटचं संरक्षण अजून वाढतं.

फिजिओ, ज्याला सगळ्यात आधी काट मारली जाते

पैसे कमी पडले की पहिली काट फिजिओला. कोविडमध्येही तेच झालं. मला विचाराल तर मावशीचा एक तास कमी करा पण फिजिओ ठेवा. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा बोलवा, आणि ते जे करतात ते मावशीला आणि तुम्हाला शिकवायला सांगा, बाकीचे पाच दिवस तुम्ही करा. लॉकडाऊनमध्ये सासूबाईंच्या फिजिओ ताईंनी व्हिडिओ कॉलवर शिकवलं, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून पलंगाच्या पायाशी ठेवायचा म्हणजे त्यांना गुडघा आणि हात दोन्ही दिसायचे, त्या तिकडून सांगायच्या "अजून थोडं वर, आता दहा मोजा" आणि सासूबाई दहाच्या ऐवजी सातलाच हात सोडून द्यायच्या. तरीही त्याच व्यायामांमुळे त्यांचा हात आखडला नाही. व्हिडिओवरचं शिकवणं आधी तपासलेल्या पेशंटला चालतं. ऑपरेशननंतरचा किंवा नवीन पॅरालिसिसचा पेशंट असेल तर पहिली काही सेशन प्रत्यक्ष हात लावूनच झाली पाहिजेत.

फोनवरचे डॉक्टर कशाला चालतात

२५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले, तेव्हापासून डॉक्टरांना फोन-व्हिडिओवर तपासून औषध लिहून देता येतं, आणि एप्रिल २०२० पासून ई-संजीवनी ओपीडी ही सरकारी सोय फुकट आहे. म्हाताऱ्या माणसाला जिने उतरवून, रिक्षात घालून, दोन तास बसवून ठेवण्यापेक्षा बीपी-शुगरचा फॉलोअप, रिपोर्ट दाखवणं, जखमेचा फोटो दाखवणं यासाठी हे फार चांगलं आहे. मॉर्फिनसारखी नार्कोटिक औषधं मात्र फोनवर लिहून देता येत नाहीत, त्यासाठी प्रत्यक्षच जावं लागतं.

पण एक सवय कोविडनंतर राहून गेलीये ती मोडा. तीच जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून वर्षानुवर्षं त्याच गोळ्या आणायच्या, तपासणी नाही की रक्त-लघवी नाही. तीन महिन्यांतून एकदा तरी डॉक्टरांनी पेशंटला हात लावून बघितलं पाहिजे, घरी व्हिजिटला येणारे फॅमिली डॉक्टर अजूनही आहेत आपल्याकडे. रक्ताचे सॅम्पल घरून नेणाऱ्या लॅब आता गल्लोगल्ली आहेत, तेवढं तरी सोपं झालंय. आणि नवीन अँटिबायोटिक इंजेक्शनचा पहिला डोस घरी नको, रिॲक्शन आली तर घरी काही करता येत नाही, पहिला डोस हॉस्पिटलात घेऊन पुढचे घरी.

सामान

फाऊलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारा पलंग), व्हीलचेअर, कमोड चेअर, एअर मॅट्रेस, कफ ओढायचं सक्शन मशीन हे सगळं भाड्याने मिळतं, काही मंडळं आणि संस्था नुसत्या डिपॉझिटवर देतात, तर लगेच विकत घेऊ नका, आधी महिनाभर वापरून बघा. डायपर आणि ड्रेसिंगचं सामान महिन्याचं एकदम घ्यायचं असेल तर गोळे कॉलनीत चौकशी करा, होलसेलची दुकानं तिथे आहेत.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीन) दुसऱ्या लाटेत लोकांनी मिळेल त्या किमतीला घेतले आणि आता ते माळ्यावर धूळ खात आहेत. असा जुना कोणाकडून घेणार असाल तर आधी कंपनीच्या माणसाकडून ऑक्सिजन किती टक्के येतो ते तपासून घ्या, साधारण ९० टक्क्यांच्या वर पाहिजे. फिल्टर धुवा, पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालून रोज बदला. पाच लिटरचं मशीन ३०० वॉटच्या आसपास वीज खातं, घरचा इन्व्हर्टर फार वेळ ओढत नाही, म्हणून लाईट गेली तर काय याची सोय म्हणून छोटा सिलेंडर भरलेला पाहिजे. ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे देवघराचा दिवा, अगरबत्ती, गॅस, सिगारेट काहीही नाही. आजीला दिवा लावल्याशिवाय चैन पडत नाही हे मला माहितीये, देव दुसऱ्या खोलीत हलवा पण ही रिस्क घेऊ नका. आणि ऑक्सिजन किती लिटरवर ठेवायचा ते डॉक्टरांनीच ठरवायचं, सीओपीडी या फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या पेशंटला जास्त ऑक्सिजन उलट घातक असतो, त्यांना ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ एवढंच पुरतं, बाकीच्यांचं मात्र ९४ च्या खाली जात असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा.

इन्सुलिनच्या सुया कचऱ्यात सुट्ट्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करा, झाकण लावा आणि दवाखान्यात नेऊन द्या. डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, घंटागाडीवरचा माणूस हाताने कचरा वेगळा करतो हे लक्षात असू द्या.

घरी थांबायचं नाही अशा वेळा

"नको, हॉस्पिटल नको" हे म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्या, पण खालच्या गोष्टींत वेळ घालवू नका. तोंड वाकडं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात, गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे शेवटचं नीट कधी पाहिलं ती वेळ वहीत बघून सांगा. छातीत दुखणं, धाप, पडल्यावर डोक्याला मार आणि त्यातून रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच हॉस्पिटलात. साखर ७० च्या खाली आणि शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८.

आणि एक गोष्ट जी पटकन लक्षात येत नाही. काल नीट बोलणारे आजोबा आज अचानक भलतंच बडबडायला लागले, माणसं ओळखेनात, किंवा दिवसभर नुसते झोपून आहेत, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. म्हातारपणात लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं हे असंच सुरू होतं, ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

याचबरोबर, पेशंट शुद्धीत आणि बोलता असताना त्यांनाच विचारा की तब्येत फार बिघडली तर तुम्हाला काय हवंय, व्हेंटिलेटर चालेल का, कोणी निर्णय घ्यायचा. हे बोलायला जड जातं पण कोविडमध्ये कितीतरी घरांना हा निर्णय फोनवर, पेशंटचं तोंडही न बघता घ्यावा लागला.

पैसे

मावशीचा पगार कुठलाही साधा मेडिक्लेम देत नाही, हे आधीच धरून चाला. पॉलिसीत डोमिसिलरी हॉस्पिटलायझेशन असेल तर हॉस्पिटलात ठेवण्यासारखा आजार असून बेड नाही किंवा पेशंट हलवता येत नाही अशा वेळी घरच्या उपचारांचा खर्च मिळतो, बहुतेक पॉलिसीत तीन दिवसांपेक्षा जास्त उपचार असावे लागतात आणि डॉक्टरांचं तसं लेखी पाहिजे. जुलै २०२० मधल्या कोरोना कवच पॉलिसीत १४ दिवसांपर्यंत घरच्या उपचारांचा खर्च होता, त्यानंतर होम केअरचा कव्हर देणाऱ्या पॉलिसी वाढल्या, तर रिन्यू करताना हे विचारा. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. ते हॉस्पिटलसाठी आहे, घरच्या नर्सिंगसाठी नाही, तरी काढून ठेवा म्हणजे हॉस्पिटलचा खर्च वाचून तो पैसा घरच्या सेवेला राहतो. एकटे राहणारे ज्येष्ठ असतील, घरी छळ किंवा हाल होत असतील किंवा नुसती माहिती पाहिजे असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची फुकट हेल्पलाईन आहे.

शेवटी जी सांभाळतेय तिचं. बहुतेक घरात ती सून किंवा मुलगी असते, आणि तिला कोणी विचारत नाही. बाहेरगावच्या भावंडांनी पैसे पाठवणं हे अर्धंच काम आहे, दर दोन-तीन महिन्यांनी आठ दिवस येऊन तिला पूर्ण मोकळं करा, आणि आलात की पाहुण्यासारखं नाही, वही वाचून, कूस बदलायला शिकून. आमच्याकडे दीर आता दिवाळीत आणि मे महिन्यात हे करतात, त्या आठवड्यात मावशीलाही सुट्टी मिळते आणि मी माहेरी जाते.